सरगुंड्यांच्या पंगतीत मॅकरोनी

अल्लीपुरात रुख्माबाईच्या सरगुंड्यांचं नाव होतं आणि रुख्माबाईला त्या नावाचा गर्व होता. गर्व बरा नव्हे असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. त्यांनी एकदा चैत्राच्या उन्हात मांडी घालून बसावं आणि टोपलंभर सरगुंडे वळून दाखवावेत. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक लांब वळी काढायची, ती चिमटीत धरून काडीभोवती गुंडाळत न्यायची, कुठे फट पडू द्यायची नाही, मग अलगद काडी ओढून घ्यायची. मागे उरते ती बोटाएवढी पोकळ नळी. अशा नळ्या खाटेवर धोतर पसरून वाळवायच्या आणि आंब्याचे दिवस आले की शिजवून, वर आमरस ओतून खायच्या. रुख्माबाईचे सरगुंडे म्हणजे एकासारखा एक. शेजारणी म्हणत, हिच्या सरगुंड्याला डोळा लावला तर पलीकडचं शेत दिसतं.

त्यांच्या आळीत एक रीतही पडून गेली होती. उन्हाळ्यात पोरीकडचे लोक घर पाहायला आले की त्यांच्या पानात सरगुंडे पडायचेच. पाहुण्या बायका तोंडाने रसाचं कौतुक करायच्या, पण नजर सरगुंड्यावर. नळी फाटकी निघाली की कानाला तोंडं लागायची. घरची बाई धांदरट, म्हणजे घरही तसंच, असा निकाल तिथल्या तिथे लागायचा. रुख्माबाईच्या पंगतीत असा निकाल कधी लागला नव्हता.

आणि ब्याऐंशीच्या हिवाळ्यात रुख्माबाईचे हात गेले.

गेले म्हणजे तुटले नाहीत. बोटांची पेरं सुजली, मग वाकली आणि वाकून तशीच राहिली. मूठ वळायची. खलबत्त्यातला दस्ता धरता यायचा, घागर उचलता यायची, पाटीत शेण भरता यायचं. चिमूट तेवढी गेली. सुई धरवेना, काडी धरवेना. एका दुपारी घरात कोणी नसताना तिनं कणकेची वळी काढून पाहिली. ती काडीवरून पुन्हा पुन्हा सुटायला लागली तेव्हा तिनं कणकेचा गोळा उचलून भिंतीवर हाणला. संध्याकाळी महादेवराव शेतातून आले, भिंतीकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय हाये?"

"कणीक हाये," रुख्माबाई म्हणाली.

महादेवराव नवरा म्हणून वाईट नव्हते. बायकोवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, जेवणाला कधी नाव ठेवलं नाही. पण लोक काय म्हणतील हा त्यांचा जुना आजार होता, आणि तो संधिवातापेक्षा चिवट होता. बायकोच्या हाताकडे पाहून त्यांना वाईट वाटायचं, आणि ते हात दुसरं कोणी पाहील याची त्याहून जास्त धास्ती वाटायची.

थोरली लेक कोकिळा पुलगावला दिली होती. जावई तिथल्या लष्करी डेपोत नोकरीला. तिनं सांगून पाठवलं की मायला इकडे पाठवा, इथे डॉक्टरला दाखवू. रुख्माबाई गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेल दिलं, आणि सरळ सांगितलं की दुखणं कमी होईल, बोटं काही सरळ होणार नाहीत. रुख्माबाई ऐकून लेकीच्या घरी आली आणि क्वार्टरच्या पायरीवर बसून राहिली.

त्या संध्याकाळी कोकिळेनं मॅकरोनी शिजवली. डेपोच्या कँटिनातून पाकीट आणलं होतं, पिवळ्या चीजचा डबा आणला होता, आणि शेजारच्या क्वार्टरातल्या बाईकडून कृती शिकून घेतली होती. चाळणीत उपसलेल्या त्या वाकड्या नळ्या पाहून रुख्माबाई पायरीवरून उठली. तिनं एक तळहातावर घेतली, डोळ्याजवळ नेली, आरपार पाहिलं.

"हे कोणं वळले व?"

"कोणं नाई, माय. मशीननं."

रुख्माबाईनं नळी चाळणीत परत टाकली. मग म्हणाली, "मशीनले बोटं नसते. तिचं बरं हाये."

कोकिळेनं लोण्यावर मैदा परतला, दूध घातलं, त्यात चीज किसून घातलं आणि सगळं मॅकरोनीत ओतून आईपुढे ठेवलं. रुख्माबाईनं घास घेतला, चावला, गिळला आणि लेकीकडे पाहिलं.

"घरात कोणी आजारी हाये का?"

"नाई. काऊन?"

"मंग हे पथ्याचं काऊन केलं?"

जावई तोंडावर रुमाल धरून हसले. कोकिळा रुसली. पण दुसऱ्या दिवशी लेक दळणाला गेली तेव्हा रुख्माबाईनं उरलेलं पाकीट स्वतः चुलीवर चढवलं. तिला त्या पदार्थाची काही माया नव्हती. तिला फक्त पाहायचं होतं की यात हातांना काय काय करावं लागतं. उकळत्या पाण्यात टाकायचं, उपसायचं. झालं. वळायचं नाही, काडी नाही, चिमूट नाही. चीज किसणं तिला जमेना, म्हणून तिनं त्याचे हातानेच तुकडे मोडले आणि गरम दुधात सोडून दिले. ते आपोआप विरघळले. आणि मग चव लावायची म्हणून तिनं खलबत्त्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण घेतला, दस्ता मुठीत धरला आणि ठेचा कुटला. ठेचा तेलात परतला, त्यावर मॅकरोनी लोटली, वरून चीजचं दूध. कोकिळा परत आली तेव्हा घरभर लसणाचा वास होता आणि तिची माय खाली बसून कढईतूनच खात होती.

"आता याले जेवण म्हणता येईन," रुख्माबाई म्हणाली.

मग त्या मुक्कामात तिनं मॅकरोनीला जी काही वळणं लावली ती लावली. हिवाळा होता, बाजारात ओल्या तुरीचे दाणे आले होते. ते सोले आणि कांद्याची पात घालून केलेली मॅकरोनी जावयाला इतकी आवडली की त्यांनी दोनदा मागून घेतली. एकदा निखाऱ्यावर वांगं भाजलं, कुस्करलं आणि त्यात घातलं. धुराचा वास आणि चीज यांचं चांगलं जमलं. एकदा अंबाडी घालून पाहिली, तर दूध फाटलं आणि ते भांडं शेजारच्या गाईसमोर रिकामं करावं लागलं. गाईनंही तोंड फिरवलं. तिची स्वतःची सगळ्यात आवडती म्हणजे ठेच्याचीच, पण लोखंडी तव्यावर पसरून खालून चांगली खरपूस होऊ द्यायची आणि वरून जवसाची चटणी भुरभुरायची. तव्याला धरलेली खरवड उलथन्याने काढून खायला ती आणि जावई एकमेकांशी स्पर्धा लावत. सासू-जावयानं असं एका तव्याला लागावं हे कुठल्या रीतीत बसत नव्हतं, पण पुलगावात पाहायला कोण होतं?

ती खूश होती. हे सांगायलाच हवं, कारण हात गेल्यापासून ती खूश नव्हती. आपले हात संपले असं तिनं धरून घेतलं होतं; ते संपले नव्हते, त्यांना निराळं काम लागत होतं, एवढंच. गावाला परतताना तिनं पिशवीत औषधाच्या वर मॅकरोनीची पाकिटं आणि चीजचा डबा भरला.

उन्हाळा आला. धाकटा श्रावण लग्नाचा झाला होता आणि कारंजा घाडग्याकडून एक चांगलं स्थळ आलं. पोरीचे वडील नत्थूजी, संत्र्याच्या बागा असलेले, आणि आई मनकर्णाबाई. पोरगी सगळ्यांना पसंत होती. आता ते दोघं घर पाहायला येणार, जेवणार आणि हो किंवा नाही सांगणार. महादेवरावांनी ओसरी सारवून घेतली, दाराला रंग दिला आणि पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोला हाक मारली.

"यशोदाकडून सरगुंडे आणतो," ते म्हणाले. यशोदाबाई म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको, दोन घरं पलीकडे राहणारी. "तिनं या साली चांगले केले हायेत. पाव्हण्याले सांगू का तुनंच केले."

"अन् माहे हात?"

महादेवराव दुसरीकडे पाहत म्हणाले, "हात पदराखाली ठेवजो. वाढाले कोकिळा येऊनच राह्यली. तू आत बस. घरात असा रोग हाये म्हटल्यावर पोरगी द्याले कोणीबी मांगंपुढं पाह्यते."

"चोरी केली का म्या?"

"तसं कोण म्हणते? श्रावणचं जमू दे. एक दिवसाचा तं सवाल हाये."

श्रावण दारात उभा होता. तोही हळूच म्हणाला, "माय, बाबा म्हणते तसं कर ना. एक दिवस."

नवऱ्याचं बोलणं तिला लागलं, पण पोराचं जास्त लागलं. एक दिवस कसला? आज पाहुण्यांपासून लपवायचे, मग साखरपुड्यात लपवायचे, मग लग्नात सगळ्या वऱ्हाडापासून, मग सून घरात आली की रोज चुलीजवळ तिच्यापासून. मेल्यावरसुद्धा कोणीतरी तिचे हात नीट पदराखाली सारून ठेवील. ज्या हातांनी या घराला आणि या श्रावणला वाढवलं त्यांना आता अंधारात ठेवायचं, का, तर ते दमले म्हणून. रुख्माबाईच्या अंगाची लाही लाही झाली. पण पोराच्या सोयरिकीचा प्रश्न होता, म्हणून तिनं तोंड उघडलं नाही. पोराचं लग्न मोडायचं पाप आपल्या माथी आलं तर, ही भीती तिलाही होतीच. रात्रभर ती भीती आणि तो राग एकमेकांशी भांडत राहिले, आणि सकाळी उठली तेव्हा राग वरचढ होता.

पाहुणे यायच्या दिवशी यशोदाबाई पदर खोचून सरगुंड्यांचं टोपलं घेऊन आली. कोकिळा पुलगावहून आली होती, आंबे पिळत बसली होती.

"मोठ्याबाई, पाणी ठेवू का उकळाले?" यशोदाबाईनं विचारलं.

रुख्माबाईनं टोपल्यावरचं फडकं सारलं, एक सरगुंडा तळहातावर घेतला, पाहिला. "चांगले झाले, यशोदे. खरंच चांगले झाले. घरी ने अन् तुह्या लेकीच्या पाव्हण्याले वाढ."

"पण त्याईनं सांगतलं होतं ना..."

"त्याईनं सांगतलं. म्या नाई सांगतलं. तुह्या हातचं माह्या नावावर खपवलं तं तुहंबी नाव गेलं अन् माहंबी. दोघीईचं नुसकान कायले करतं?"

यशोदाबाई चांगल्या मनाची होती. तिनं टोपलं उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि कांदे चिरायला बसली. कोकिळेचे हात मात्र रसातच थांबले.

"माय, मंग वाढाचं काय?"

"फळीवर पाकिटं हायेत."

"माय, सोयरीक हाये ही. बाबा काय म्हणतीन?"

"तेच मले पाह्याचं हाये."

चूल पेटली. उन्हाळ्यात ओले सोले कुठले, पण वाळवलेले होते. ते तिनं रात्रीच भिजत घातले होते. भिजत घातले त्या अर्थी तिचं मन रात्रीच ठरलं होतं आणि सकाळी ती फक्त उठली, असंही म्हणता येईल. मिरच्या आणि लसूण तिनं खलबत्त्यात घेतला आणि दस्ता दोन्ही मुठीत धरून असा कुटला की ओसरीवरच्या महादेवरावांना ऐकू गेलं. सोले तेलात परतले, कांदा परतला, ठेचा परतला. मॅकरोनी उपसली. पुलगावहून आणलेल्या डब्यातलं चीज मोडून दुधात विरघळवलं आणि सगळं एकत्र केलं. मोठा लोखंडी तवा चुलीवर चढवून त्यावर ते पसरलं, खालून खरपूस होऊ दिलं आणि वरून जवसाची चटणी टाकली. यशोदाबाईनं बोटाने चाटून पाहिलं आणि डोळे मोठे केले.

तेवढ्यात पाहुणे आले. पाणी झालं, चहा झाला, दरवाजाच्या रंगाचं कौतुक झालं. महादेवराव पानं मांडायचं सांगायला स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तव्याकडे पाहून तिथेच थबकले.

"हे काय हाये?"

"मॅकरोनी हाये," रुख्माबाई म्हणाली.

"सरगुंडे कुठं हायेत?"

"टोपल्यात. यशोदा घरी नेऊन राह्यली."

ओसरीवर पाहुणे बसलेले. ओरडायची सोय नव्हती. महादेवरावांनी ओठ चावला, तव्यातल्या वाकड्या नळ्यांकडे पुन्हा पाहिलं आणि त्यांना वाटलं असावं की लांबून पाहिलं तर सरगुंड्यासारखंच दिसतं. "बरं. कोकिळा वाढन. तू बाहेर येजो नोको." आणि जाता जाता खालच्या आवाजात, "अन् हात."

पंगत बसली. पुरुषांची पानं ओसरीवर, मनकर्णाबाईचं पान स्वयंपाकघराच्या दाराशी, तिथून सगळे एकमेकांना दिसत होते. कोकिळेनं पोळी वाढली, भाजी वाढली, आमरसाच्या वाट्या भरल्या, आणि शेवटी खाली मान घालून मॅकरोनी वाढली. आत रुख्माबाई दाराच्या आड उभी होती. तिचे हात पदराखाली नव्हते, पण अजून बाहेरही आले नव्हते.

नत्थूजी बोलका माणूस. पानात नळ्या पडलेल्या पाहून त्यांचा चेहरा खुलला. "वा, सरगुंडे," ते म्हणाले, आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी आमरसाची वाटी उचलली आणि सगळ्याच्या सगळी त्या ठेच्याच्या, चीजच्या, लसणाच्या मॅकरोनीवर पालथी केली. बोटांनी कालवलं. मोठा घास घेतला.

घास तोंडात थांबला. आंबा आणि लसूण, चीज आणि मिरची, आणि वरून जवस. नत्थूजींच्या कपाळावर घाम आला. पण ते रीतभात जाणणारे गृहस्थ होते. पोरीच्या होणाऱ्या सासरी घास थुंकणार थोडेच. त्यांनी तो गिळला, पाणी प्यायले आणि पानाकडे असं पाहत राहिले की आता हे संपवायचं कसं.

इकडे मनकर्णाबाईनं रस ओतला नव्हता. तिनं आधी सवयीप्रमाणे एक नळी उचलून पाहिली, आरपार पाहिली.

"बाप्पा, किती सारखे हायेत," ती म्हणाली. "कोणं केले, जी?"

महादेवराव पटकन म्हणाले, "श्रावणच्या मायनंच. तिचा हातच तसा हाये."

हे वाक्य ऐकून रुख्माबाई बाहेर आली. रात्रीपासून उरलीसुरली जी भीती होती ती त्या एका वाक्यानं गेली. नवरा खोटं बोलला म्हणून नव्हे. माणूस पोरासाठी खोटं बोलतो. पण तिचा हात, तिचाच हात, तो तिथे नसल्यासारखा, मेलेल्या माणसाचे गुण सांगावेत तसा सांगितला गेला होता.

"नाई जी," ती म्हणाली. "हे मशीननं केले. सरगुंडे नाईतच हे. मॅकरोनी म्हणते याले, पुलगावहून आणली. आत चीज हाये, ठेचा हाये, सोले हायेत. याच्यावर रस टाकाचा नसते. पाव्हण्यानं टाकला, ती चूक माही. म्या वाढाच्या आधी सांगाले पाह्यजे होतं."

आणि तिनं दोन्ही हात समोर धरले. सुजलेली पेरं, आत वळलेली बोटं, सगळं उन्हाच्या उजेडात.

"सरगुंडे माह्याच हाताचे नावाजलेले होते. आता होत नाईत. हे पाहा."

श्रावणची मान खाली गेली. महादेवराव दबक्या आवाजात म्हणाले, "श्रावणची माय, आत जाय."

"जाईन. बोलणं झालं का जाईन."

नत्थूजींनी पानावरून हात मागे घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा गेला होता. "हे आमाले आधी कळाले पाह्यजे होतं," ते महादेवरावांकडे पाहून म्हणाले.

"खरं हाये," उत्तर रुख्माबाईनं दिलं. "म्हणून तं सांगून राह्यली."

मग मनकर्णाबाई बोलली. ती रागात नव्हती, पण पोरीची आई होती. "बाई, हे लेकराईत उतरते का?"

"डॉक्टर म्हणते, सांगता येत नाई. उतरलं तं उतरलं. श्रावणले होईन, नातवाले होईन, नाई तं कोणालेच होणार नाई. म्या काय सांगू?" रुख्माबाईचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "पण एक सांगतो. तुमची पोरगी आज ठणठणीत हाये. मीबी होती. उद्या तिचे हात जातीन, पाय जातीन, डोळे जातीन, काही ना काही तं जाईनच, म्हातारं कोण होत नाई? तवा तिले पदराखाली झाकून ठेवणारं घर पाह्यजे का चुलीपाशी बसू देणारं, हे आजच पाहून घ्या. घर पाह्यालेच तं आले ना तुमी? दाराचा रंग कायले पाह्यता? हे पाहा."

एवढं बोलून ती आत गेली, पण बसायला नाही. तिनं तव्यातली खरपूस खरवड उलथन्याने काढली, उलथनं मुठीत घट्ट धरून, आणि मनकर्णाबाईच्या पानाशी वाकून उभी राहिली. वाढू का, असं विचारलं नाही. नुसती उभी राहिली.

मनकर्णाबाईनं पानातला पहिला घास खाल्ला. चावायला तिनं बराच वेळ घेतला. मग पान थोडं पुढे सरकवलं आणि रुख्माबाईनं वाढलं. नत्थूजी मात्र नुसत्या पोळीवर आणि भाजीवर उठले, आणि त्यांचं रसात बुडलेलं पान तसंच राहिलं.

हात धुऊन झाल्यावर ओसरीवर बोलणं झालं ते थोडकंच. बस कितीला आहे, ऊन किती आहे. नत्थूजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "घरी जाऊन विचार करतो अन् कळवतो." कळवतो म्हणजे काय हे महादेवरावांना कळत होतं, ते खांबाला हात लावून उभे होते आणि त्यांचं तोंड उतरलं होतं. श्रावण आत येऊन पाण्याच्या माठाजवळ उगाच उभा राहिला. रुख्माबाईला पोराची दया आली, पण जे बोलली त्यातला एक शब्दही तिला परत घ्यावासा वाटला नाही.

निघताना सवाष्णीला कुंकू लावायचं होतं. महादेवरावांनी डोळ्यांनीच यशोदाबाईला खुणावलं. यशोदाबाईनं करंडा उचलला, क्षणभर थांबली, आणि तो रुख्माबाईपुढे धरला.

"तुमी लावा, मोठ्याबाई. घर तुमचं हाये."

रुख्माबाईनं करंड्यात बोट बुडवलं. वाकलेलं बोट मनकर्णाबाईच्या कपाळाला टेकवलं, आणि ते जिथे जायला हवं तिथे गेलं नाही. कुंकू भुवईकडे तिरपं ओढलं गेलं, जाड आणि वाकडं. रुख्माबाईनं बोट मागे घेतलं, पण माफी मागितली नाही.

नत्थूजी बायकोकडे पाहून म्हणाले, "पुसून घे व ते. पार कारंज्यापर्यंत जाचं हाये. बसमधले लोक हसतीन."

मनकर्णाबाईनं पदराचं टोक हातात घेतलं होतं. ती रुख्माबाईच्या हाताकडे पाहत होती, त्या कुंकवानं लाल झालेल्या वाकड्या बोटाकडे. मग तिनं पदर सोडून दिला.

"हसतीन तं हसू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "अन् कळवाचं काही राह्यलं नाई. पोरगी मी याच घरात देतो. तुमाले इचार कराचा असन तं बसमध्ये करा."

आतापर्यंत मनकर्णाबाई रुख्माबाईला नुसतं "बाई" म्हणत होती, अनोळखी माणसाला म्हणावं तसं. आता तिनं चपला पायात सरकवल्या, पायरीवरून वळून पाहिलं आणि म्हणाली, "येतो, विहीनबाई. लग्नात वाढाले तुमीच उभ्या राह्यजा."